कोर्टाची पायरी आणि भाड्याची मोटार

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण मराठवाड्यांत आजहि वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडीं असते. तिच्यामागें पिढ्यांचा अनुभव आहे. बांधाचा दावा आजोबांनीं लावला आणि नातवांनीं मिटविला, अशीं घराणीं औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या प्रत्येक तालुक्यांत सांपडतील. परंतु म्हण ज्या प्रसंगांतून जन्मली त्याच प्रसंगीं ती शोभते. भाड्याच्या मोटारींत बसलेल्या मनुष्याचा पाय गेला, हात निकामी झाला, किंवा घरचा कर्ता माणूस रस्त्यावर कायमचा पडला, अशा वेळीं हीच म्हण त्याच्या घरच्यांना ऐकविली जाते, आणि ती ऐकविणारा बहुधा त्यांचा हितचिंतक नसतो.

लातूर शहरांतील कोणत्याहि मोठ्या रुग्णालयाच्या दाराशीं सायंकाळीं घटकाभर उभें राहावें, म्हणजे हा प्रकार केव्हां ना केव्हां दृष्टीस पडतो. आंत खाटेवर रुग्ण, बाहेर बाकावर त्याचीं माणसें, आणि त्यांच्याशीं हलक्या आवाजांत बोलणारे दोन गृहस्थ. चूक कोणाची, गाडी कोणाची, हें बाजूस ठेवून ते इतकेंच म्हणतात कीं, औषधपाण्याचें आम्ही पाहतों, वर वीस-पंचवीस हजार घ्या, पोलिसांत जाऊं नका. पोरगा गरिबाचा आहे, त्याचें आयुष्य बरबाद होईल. पोरगा खरोखरच गरिबाचा असतो. बाकावर बसलेलीं माणसेंहि गरिबांचींच असतात, म्हणून त्यांना त्याची दया येते आणि कागदावर अंगठा उमटतो. पण भरपाईची रक्कम त्या पोराच्या खिशांतून यावयाची नसते, ही एकच गोष्ट त्या बाकावर कोणास ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते ती बोलत नाहींत.

मनुष्याच्या इजेचा मोबदला कोणीं आणि कसा द्यावा, हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. इ. स. १८०८ मध्यें इंग्लंडच्या न्यायालयांत असा एक दावा आला होता. पति-पत्नी भाड्याच्या घोडागाडीच्या टपावर बसून प्रवास करीत होतीं, गाडी उलटली, पत्नी महिनाभर अंथरुणावर राहून वारली. लॉर्ड एलेनबरो या न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं, पत्नी जिवंत होती तेवढ्या महिन्याचें पतीचें नुकसान त्यास मिळेल. परंतु मनुष्याचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत फिर्याद करण्याजोगी हानि नव्हे. याचा अर्थ असा झाला कीं, उतारू जखमी होण्यापेक्षां तो जागच्या जागीं मेलेला गाडीवाल्यास स्वस्त पडे! ही विपरीत स्थिति इंग्लंडांत १८४६ च्या कायद्यानें, आणि हिंदुस्थानांत १८५५ च्या तेराव्या कायद्यानें दूर केली. पण हक्क मिळाला तरी पैसा कोठून यावा? गाडीवान कफल्लक असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा भिंतीवर टांगून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाहीं.

या अडचणीवरील उपाय म्हणजे विमा. १९३९ च्या मोटार कायद्यानें प्रत्येक मोटारीचा तिऱ्हाइताच्या इजेबद्दलचा विमा सक्तीचा ठरविला आणि तें प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. तिऱ्हाईत म्हणजे कोण? विमा उतरविणारा मालक हा एक पक्ष, विमा कंपनी हा दुसरा. ज्यानें त्या करारावर सही केली नाहीं, जो नुसता रस्त्यानें चालला होता, तो तिसरा. ज्यानें एक पैसाहि भरला नाहीं त्याच्यासाठीं विमा काढण्याची ही सक्ति, त्या काळीं पुष्कळांना चमत्कारिक वाटली असेल. मराठवाडा तेव्हां निजामी राज्यांत होता. येथें निजाम सरकारच्या रेल्वे खात्यानें १९३२ मध्यें २७ मोटारगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली होती. परंतु ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा इकडे पोहोंचला तो सप्टेंबर १९४८ नंतरच्या राजकीय घडामोडींतून. पुढें १९५६ च्या दुरुस्तीनें मोटार अपघातांच्या दाव्यांसाठीं स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. तोंवर जखमी माणसास साध्या दिवाणी दाव्याप्रमाणें मागणीच्या प्रमाणांत मुद्रांकशुल्क भरावें लागे. म्हणजे जितका घाव मोठा तितकें दार उघडण्याचें शुल्क मोठें. सध्यांचा कायदा १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे, आणि त्यांतील भरपाईचा भाग २०१९ च्या दुरुस्तीनें बदलून नव्या स्वरूपांत १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आला आहे. लातूरच्या जिल्हा न्यायालयांत जें मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चालतें, तें ही लांब वाट चालून तेथें आलेलें आहे. म्हणींतली पायरी आणि ही पायरी एकच इमारतीची असली तरी आंतला कारभार निराळा.

श्रोतेहो, भाड्याच्या वाहनाचा अपघात झाला म्हणजे हा कायदा तिघांकडे पाहतो. पहिला चालक, कारण निष्काळजीपणा त्याचा. दुसरा मालक, कारण चालक त्याच्या कामावर होता. तिसरी विमा कंपनी, कारण तिनें हप्ता घेतला. मालक म्हणजे ज्याचें नांव परिवहन कार्यालयाच्या दफ्तरांत आहे तो. खेड्यापाड्यांतून जुन्या जीपा आणि ऑटो नुसत्या बाँडवर विकले जातात, नांवावर करून घेण्याचें राहून जातें. तीन हात बदललेल्या गाडीचा अपघात झाला म्हणजे दफ्तरांतल्या पहिल्या मालकास नोटीस येते आणि त्याची झोंप उडते. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे कीं, जखमी माणसानें या विक्रीसाखळीचा शोध घेत फिरावयाचें नाहीं. दफ्तरांतील मालकच जबाबदार. गाडी विकणाऱ्यांनीं हें ध्यानीं धरलेलें बरें.

आतां गेल्या कांहीं वर्षांत या तिघांच्या मागें एक चौथा उभा राहिला आहे. मोबाईलवर बोट ठेवलें कीं दारांत मोटार उभी राहते; ती बोलावून देणारी कंपनी हा तो चौथा. २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांत त्यास ‘ॲग्रिगेटर’ हें नांव मिळालें आणि परवान्याचें बंधनहि आलें. भाडें तो ठरवितो, वाट तो दाखवितो, पैशांतला वांटा तो घेतो, चालकास गुण तो देतो आणि गुण उतरले तर त्यास कामावरून तोच बंद करतो. मात्र अपघात झाला म्हणजे करारांतील बारीक अक्षरांकडे बोट दाखवून तो म्हणतो कीं, गाडी माझी नाहीं, चालक माझा नोकर नाहीं. उतारू आणि गाडीवाला यांची गांठ घालून देण्यापुरताच मी आहें. लग्न जुळविणारा मध्यस्थ संसाराची जबाबदारी घेत नाहीं, तसें हें म्हणणें. परंतु मध्यस्थ दर महिन्यास नवऱ्याच्या पगारांतून हिस्सा कापीत नाहीं.

या चौथ्याचा प्रश्न जगांत प्रथम ठळकपणें पुढें आला तो अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरांत. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्रीं आईबरोबर रस्ता ओलांडणारी सहा वर्षांची मुलगी एका मोटारीखालीं सांपडून मरण पावली. चालक उबर कंपनीच्या ॲपवर काम करणारा होता. ॲप चालू होतें, पण गाडींत उतारू नव्हता आणि उतारूकडे तो निघालाहि नव्हता. कंपनीचें म्हणणें पडलें कीं, त्या क्षणीं तो आमचें काम करीत नव्हता. आईबापांचें म्हणणें, तो भाड्याची वाट पाहत त्या यंत्राकडे डोळे लावून फिरत होता, हेंच त्याचें काम. दावा २०१५ मध्यें तडजोडीनें मिटला. पण त्या दुःखांतून कॅलिफोर्निया राज्यानें २०१४ मध्यें कायदा केला आणि चालकाच्या दिवसाचे तीन भाग पाडले: ॲप बंद, ॲप चालू पण भाडें नाहीं, आणि भाडें स्वीकारल्यापासून उतारू उतरेपर्यंत. तिसऱ्या भागांत दहा लाख डॉलरांचा विमा सक्तीचा झाला, आणि मधल्या भागांतहि त्याहून लहान कां होईना, विमा आला.

आपल्याकडे विमा ॲपशीं बांधलेला नसून गाडीशीं बांधलेला आहे. गाडी रस्त्यावर आहे तोंवर, ॲप चालू असो वा बंद, वाटसरूला भरपाई देण्याची विमा कंपनीची जबाबदारी सुटत नाहीं. या एका बाबतींत लातूरचा पादचारी सॅन फ्रॅन्सिस्कोच्या पादचाऱ्याहून सुरक्षित म्हणावयास हरकत नाहीं. उतारूचेंहि तसेंच. पिवळ्या पाटीच्या प्रवासी वाहनांत बसणाऱ्याचा धोका विम्यानें उचललाच पाहिजे, असें कायद्याचें कलम १४७ आहे. घोटाळा होतो तो पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीच्या बाबतींत. खासगी मोटारीचा कायद्यापुरता, स्वस्तांतला विमा असेल तर तो आंत बसलेल्यांना संरक्षण देत नाहीं. सर्वंकष विमा असेल तर देतो. दुचाकीच्या मागें बसणाऱ्याविषयीं सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निर्णय याच धर्तीचा आहे. भाड्याची दुचाकी बोलावणाऱ्या तरुणांनीं पाटीचा रंग पाहून मग पाय टाकावा. परवान्याशिवाय भाडें मारणाऱ्या गाडीनें अपघात केला, तर कंपनीनें तिऱ्हाइतास आधीं पैसे द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे, असें २०१८ च्या एका निर्णयांत मान्य झालें आहे.

मग चौथ्याचें काय? अपघाताची भरपाई ॲग्रिगेटरनें द्यावी, असें एका वाक्यांत सांगणारें कलम मोटार कायद्यांत नाहीं. पण त्याची पाळेंमुळें जुन्या निकालांत आहेत. राजस्थानच्या राज्य परिवहन महामंडळानें एका खासगी मालकाची बस चालकासह भाड्यानें घेतली होती. चालक मालकाचा, कंडक्टर महामंडळाचा. बस पुराच्या पाण्यांत गेली. महामंडळ म्हणालें, चालक आमचा नोकर नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९७ मध्यें तें मानलें नाहीं. ज्याच्या हुकमानें गाडी चालत होती, ज्याच्या ताब्यांत ती त्या वेळीं होती, तो भरपाईपुरता मालकच, असें ठरविलें. कंडक्टरनें घंटा मारली कीं बस हालते. ॲपची घंटा मोबाईलमध्यें वाजते, एवढाच फरक. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानें १९ फेब्रुवारी २०२१ रोजीं उबरच्या चालकांविषयीं निर्णय देतांना हेंच पाहिलें कीं, भाडें कोण ठरवितो आणि चालकास किती मोकळीक उरते. आणि चालक हे स्वतंत्र धंदेवाले नसून कंपनीचे कामकरी आहेत, असें म्हटलें. तो खटला अपघाताचा नव्हता, पण ताबा कोणाचा हा मुद्दा दोन्हींकडे एकच. केंद्र सरकारनें १ जुलै २०२५ रोजीं प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ॲग्रिगेटरनें उतारूसाठीं किमान ५ लाख रुपयांच्या विम्याची, आणि चालकासाठीं ५ लाखांच्या आरोग्यविम्याची व १० लाखांच्या आयुर्विम्याची व्यवस्था करावी, असें सांगितलें आहे. म्हणून दावा लावतांना चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याबरोबर ज्या कंपनीनें गाडी पाठविली तिचेंहि नांव प्रतिवादींत घालण्यांत शहाणपण आहे. वगळलेलें नांव पुढें घालून घेणें हें दगदगीचें काम असतें.

कोणी म्हणेल, ॲपच्या गाड्यांचें पुराण पुण्या-मुंबईकडचें. गंजगोलाईंतून निघणाऱ्याला त्याचें काय? त्यास काय, याचें उत्तर लातूरच्या घराघरांत आहे. दहावी-बारावीच्या अभ्यासासाठीं लातूरला मुलें येतात, आणि शिकून झालीं कीं तींच मुलें पुण्याला, हैदराबादला, मुंबईला जातात. रात्रीच्या पाळीहून तीं ज्या गाडीनें खोलीवर परततात ती ॲपची असते. पुण्याच्या रस्त्यावर मुलगी जखमी झाली आणि बाप चाकूर तालुक्यांतला शेतकरी असला, तर पुण्याच्या कोर्टाच्या फेऱ्या घालणें त्याच्या आवांक्याबाहेरचें वाटतें, आणि तेथेंच हक्क सोडला जातो. येथें कायदा त्याच्या बाजूनें उभा आहे. कलम १६६ प्रमाणें दावा अपघाताच्या ठिकाणींच लावला पाहिजे असें नाहीं. अर्जदार जेथें राहतो किंवा कामधंदा करतो तेथील न्यायाधिकरणांतहि तो लावतां येतो. अपघात पुण्याचा आणि दावा लातूरचा, हें कायदेशीर आहे. मुलगी अंथरुणाला खिळून गांवीं परतली असेल तर तिला शंभर कोसांचा प्रवास करण्याचें कारण नाहीं.

उलट एका बाबतींत ॲपची गाडी गांवच्या काळीपिवळीपेक्षां उतारूस अधिक उपकारक आहे, हें कबूल केलें पाहिजे. तिच्यांत बसल्याची पावती मोबाईलवर येते. गाडीचा क्रमांक, चालकाचें नांव, निघाल्याची वेळ, गेलेली वाट, दिलेले पैसे, सर्व कांहीं लिहिलेलें. न्यायाधिकरणापुढें याहून चांगला साक्षीदार मिळणें कठीण. रेणापूर नाक्यावर काळीपिवळींत बसलेल्या म्हातारीपाशीं मात्र तिकीट नसतें, क्रमांक तिला वाचतां येत नाहीं, आणि शेजारचे उतारू अपघातानंतर आपापल्या वाटेनें पांगतात. मागाहून विमा कंपनीचा वकील विचारतो, बाई, तुम्ही त्या गाडींत होतां कशावरून?

या काळीपिवळीविषयीं आणि तिच्या भावंडांविषयीं चार गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. नऊ जणांच्या गाडींत सोळा माणसें कोंबलीं आणि गाडी उलटली, तर विमा कंपनी किती जणांचें देणें लागते? सर्वोच्च न्यायालयानें २००७ मध्यें एका बसच्या खटल्यांत ठरविलें कीं, परवानगी असेल तेवढ्याच उतारूंचा बोजा कंपनीवर. त्यांतल्या त्यांत मोठ्या रकमांचे तितके निवाडे धरून होणारी बेरीज तिनें भरावी आणि ती सर्व जखमींत प्रमाणानें वांटावी. म्हणजे सतरावा उतारू आंत चढला, कीं आधींच्या सोळांच्या भरपाईंतला तुकडा तोडूनच चढतो. मालवाहू टेंपोंतून वऱ्हाड नेणें याहून घातक. मालाच्या गाडींत फुकट किंवा भाडें देऊन बसलेल्या माणसाबद्दल विमा कंपनी जबाबदार नाहीं, असें त्याच न्यायालयानें २००२ मध्यें सांगितलें आहे. मालाबरोबर त्याचा धनी बसला असेल तर गोष्ट वेगळी. चालकाच्या परवान्यावरून मात्र पूर्वी जी ओढाताण होई ती पुष्कळशी संपली आहे. हलक्या मोटारीचा परवाना असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतचें प्रवासी वाहन चालवूं शकतो, असा निर्णय पांच न्यायमूर्तींच्या पीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं दिला. हजारों ऑटो आणि जीपवाल्यांच्या मागचें, आणि त्यांच्या उतारूंच्या मागचें, एक शुक्लकाष्ठ त्यानें सुटलें.

आतां रकमेचें गणित. हें गणित शाळेंतल्या त्रैराशिकाहून अवघड नाहीं, पण तें कोणी फळ्यावर मांडून दाखवीत नाहीं. २००९ च्या सरला वर्मा निकालानें वयाप्रमाणें गुणक ठरवून दिले: २५ वर्षांपर्यंत १८, पुढें ३० पर्यंत १७, ३५ पर्यंत १६, आणि असें उतरत ६५ वर्षांपुढें ५. प्रणय सेठी खटल्यांत ३१ ऑक्टोबर २०१७ रोजीं भावी वाढीचे टक्के ठरले. स्वतःचा धंदा करणाऱ्या चाळिशीच्या आंतल्या माणसाच्या मिळकतींत ४० टक्के वाढ धरावयाची. जखमी माणसाच्या बाबतींत आणखी एक तत्त्व २०१० मध्यें सांगितलें गेलें आणि तें सर्वांत मोलाचें आहे. शरीराचें अपंगत्व आणि कमाईचें अपंगत्व या दोन गोष्टी निराळ्या. डावा हात गेला तर सरकारी कारकुनाची नोकरी टिकूं शकेल. तोच हात सुताराचा किंवा मोटार हांकणाऱ्याचा गेला तर त्याची कमाई जवळजवळ सगळीच बुडाली. हाडाची किंमत वैद्य सांगेल, पण हाताची किंमत त्या हाताच्या कामावरून ठरते.

समजा, लातुरांतील एक बाई शिवणकाम करते. वय ३४, मिळकत महिन्यास १२,००० रुपये. ऑटो उलटून उजव्या हाताचीं बोटें वळेनाशीं झालीं. डॉक्टरांनीं अपंगत्व ३० टक्के लिहिलें; पण कात्री धरतां येत नाहीं, म्हणून न्यायाधिकरणानें कमाईची हानि ६० टक्के धरली. वर्षाची मिळकत १,४४,०००. तिच्यांत ४० टक्के वाढ, म्हणजे २,०१,६००. गुणक १६, गुणाकार ३२,२५,६००. त्याचे ६० टक्के १९,३५,३६०. औषधोपचार, वेदना, सेवेस राहिलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, हें सर्व याहून वेगळें. रुग्णालयाच्या बाकावर जे वीस-पंचवीस हजार पुढें केले जातात ते या संख्येशेजारीं मांडून पाहावेत. पण हीच बाई काय शिवते आणि किती मिळवते याचा एक चिठोराहि दाखवूं शकली नाहीं, आणि मिळकत ६,००० च धरली गेली, तर रक्कम निम्म्यावर येऊन ९,६७,६८० होते. गिऱ्हाइकांच्या नोंदीची दोन रुपयांची वही येथें साडेनऊ लाखांची ठरते. आणि जी बाई बाहेर कांहींच मिळवीत नाहीं, घरचाच रामरगाडा ओढते, तिचें काय? तिच्याहि श्रमाची मिळकत मोजलीच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२१ मध्यें ठासून सांगितलें आहे. चूल, पाणी, म्हाताऱ्यांची शुश्रूषा आणि शेतांतली मदत, या सर्वांची.

चूक सिद्ध करण्याचें सामर्थ्य नसेल तर कलम १६४ चा मार्ग आहे. तेथें दोष कोणाचा हें विचारलें जात नाहीं. मृत्यूबद्दल ५ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. मात्र ही रक्कम कायद्यांतील रीतीनें स्वीकारली, कीं कलम १६६ खालील मोठा दावा संपतो. अडीच लाखांचा कागद पुढें आला म्हणजे आधीं वरचें त्रैराशिक मांडावें, मग सही करावी. ग्राहक मंचाकडे धांव घेऊन उपयोग नाहीं; मोटार अपघाताच्या भरपाईचा विचार तेथें होत नाहीं, हें १९९५ मध्येंच ठरलें आहे. फौजदारी खटल्यांत चालक सुटला म्हणून भरपाईहि गेली, असेंहि समजूं नये. तेथें संशयाचा फायदा आरोपीस मिळतो. येथें दोन्हीं बाजूंच्या शक्यता तोलून पाहिल्या जातात. १९८० च्या एका निकालांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं न्यायाधिकरणांना हेंच बजावलें होतें.

वकिलाच्या खर्चाची धास्ती मोठी असते. अमेरिकेंत अपघाताचे वकील दावा जिंकला तर त्यांतला हिस्सा घेतात. आपल्याकडे वकील परिषदेच्या नियमांनीं अशी टक्केवारी ठरविणें वकिलास मना आहे, मग कोणी कांहींहि सांगो. स्त्रियांस, अनुसूचित जातिजमातींच्या लोकांस आणि अपंगांस त्यांची मिळकत न पाहतां जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. प्राधिकरणाचें कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारांतच असतें. आणि त्याच्या दारावरून हजारों माणसें तें न पाहतां जातात.

कागद गोळा करावयाचे ते पहिल्या दिवसांतच. अपघाताची खबर पोलिसांनीं ४८ तासांच्या आंत न्यायाधिकरणास आणि विमा कंपनीस द्यावयाची व सविस्तर अहवाल तीन महिन्यांत पाठवावयाचा, असा २०२२ पासूनचा नियम आहे. पण ज्या अपघाताची फिर्यादच नोंदली गेली नाहीं त्याचा अहवाल कोठून जाणार? बाकावरच्या त्या दोन गृहस्थांचा सारा खटाटोप याच एका गोष्टीसाठीं असतो. मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणें अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार, नोंदलेल्या रुग्णालयांत रोख पैसे न भरतां मिळतात. तेव्हां औषधपाण्याच्या पैशाचें जें आमिष दाखविलें जातें त्याची धारहि आतां बोथट झाली आहे. गाडीचा क्रमांक, फिर्यादीची प्रत, पंचनामा, विम्याची प्रत, रुग्णालयाचे कागद, औषधाच्या पावत्या, वयाचा दाखला, आणि ॲपची गाडी असेल तर मोबाईलवरच्या पावतीचें चित्र, एवढें एका पिशवींत राहिलें पाहिजे. ती मोबाईलची पावती दुसऱ्या कोणाच्या मोबाईलवरहि पाठवून ठेवावी. अपघातांत मोबाईलहि फुटतो.

राहिली मुदत. १९९४ पासून या दाव्यांना मुदतच नव्हती. २०१९ च्या दुरुस्तीनें ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आंत अर्ज केला पाहिजे, असें झालें. या कलमास सर्वोच्च न्यायालयांत आव्हान दिलें गेलें असून, त्याचा निकाल लागेपर्यंत केवळ उशिरावरून अर्ज फेटाळूं नयेत, असा अंतरिम आदेश त्या न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें दिला. परंतु तो आदेश अंतरिम आहे, आणि त्याच्या भरंवशावर स्वस्थ बसणें म्हणजे पावसाच्या अंदाजावर पेरणी करणें होय. दिवाळीच्या प्रवासांत झालेल्या अपघाताचे सहा महिने अक्षय्य तृतीयेच्या सुमारास भरतात. मधल्या काळांत एक शस्त्रक्रिया होते, दुसरी ठरते, प्लास्टर निघतें, तुरीची रास होते, आणि ‘बरें वाटलें म्हणजे बघूं’ असें म्हणतां म्हणतां तारीख येऊन ठेपते. अर्ज करण्यास बरें होण्याची वाट पाहावी लागत नाहीं. उपचार चालू असतांनाच तो करतां येतो. अपंगत्वाचा दाखला मागाहून जोडतां येतो.